दुसऱ्या रिंगला

शर्मिलाताईंचा आवाज हाच आमच्या घरातला खरा दागिना, असं त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव चारचौघांत सांगत. त्यात कौतुक होतं, तसंच एवढ्या वर्षांच्या संसारात दुसरा दागिना न केल्याचं समर्थनही होतं; पण ते असो. आवाज होताच तसा. टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा परगावचा कॉल माणसाने जोडून द्यावा लागे. ताटकळून ताटकळून भांडणाच्या तयारीने बसलेला माणूस त्यांचं "बोला, जोडून देते" ऐकून एकदम अहो-जाहोवर येई. ण आणि ळ इतके स्वच्छ, की ऐकणाऱ्याने आपली जीभ तपासून पाहावी.

खात्याने त्यांना पगार दिला, पेन्शन दिलं आणि एक खोड लावली. फोन तिसऱ्यांदा वाजू द्यायचा नाही, दुसऱ्या रिंगला उचलायचा, ही तिथली शिस्त. नोकरी सुटली तरी शिस्त सुटली नाही. हात कणकेत असले तर त्या कोपराने फोन घेत. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणत, "तुम्हाला फोन करायचा म्हणजे काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. विचार करायला उसंतच देत नाही तुम्ही."

मनात मात्र एक सल होता. वडील अचानक गेले म्हणून बी.ए.चं पहिलं वर्ष संपताच कॉलेज सोडून त्यांना नोकरी धरावी लागली होती. एक्स्चेंजला जायचा सायकलचा रस्ता टेकडीच्या पायथ्याच्या त्या संस्थेवरून जाई. दगडी इमारत, अर्थशास्त्राचा दबदबा. देशभरातली मुलं प्रवेशपरीक्षेला बसणार आणि त्यांतली मूठभर आत जाणार. तिथे पहारेकऱ्यालासुद्धा तोंडी परीक्षा घेऊन ठेवतात, असं पुण्यात म्हणत. शर्मिलाताई रोज त्या फाटकापाशी पायडल मारायचं थांबवत आणि सायकल नुसती सोडून देत. उतार आहे म्हणून, असं त्यांचं म्हणणं. यज्ञेश्वररावांच्या मते तिथे उतार नाहीच.

निवृत्तीनंतर कुणा ओळखीच्यांना भेटायचं निमित्त करून त्या एकदा आत गेल्या, तेव्हा ग्रंथालयाच्या फलकावर एक सूचना दिसली. एम.ए.च्या अंध विद्यार्थ्याला परीक्षेसाठी लेखनिक हवा होता, आणि लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असलं पाहिजे अशी अट होती. म्हणजे सांगणारा एक आणि शहाणपण लिहिणाऱ्याचं, असं होऊ नये. शर्मिलाताईंनी ती अट दोनदा वाचली. अर्धवट राहिलेलं शिक्षण आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी पात्रता म्हणून चालणार होतं. त्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं.

विद्यार्थ्याचं नाव सुखदेव थूल, गाव हिंगणघाट. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन साली आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात देवघराच्या जागी पुस्तकांची फळी होती. आणि त्या फळीवरचं एक अक्षरही जन्मापासून न दिसलेला हा मुलगा त्या घरातला सगळ्यात जास्त शिकलेला. भेटला तेव्हा त्याने आधी शर्मिलाताईंना बोलू दिलं, नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज रेल्वे स्टेशनवर असायले पायजे होता."

"का? गाडी लेट आहे हे सांगायला?"

"हाव. तुम्ही सांगितलं असतं तर लोकांनी न कुरकुरता वाट पाहिली असती."

शर्मिलाताई हसल्या. महिनाभरात मॅडमची मावशी झाली, आणि लेखनिक म्हणून आलेल्या बाई वाचक म्हणून कायमच्याच चिकटल्या.

आता कुणी म्हणेल, या काळात वाचून दाखवायला माणूस कशाला लागतो, मोबाइल वाचतो की. वाचतो, छापील इंग्रजी पुस्तकं सुखदेवचा फोन घडाघडा वाचायचा. पण सरांनी हाताने लिहिलेल्या टिपणांपाशी, वाकड्या फोटोंतून आलेल्या जुन्या मराठी अहवालांपाशी आणि आलेखांपाशी यंत्राचं तोंड बंद पडे. तिथे शर्मिलाताई लागत. त्या घरी बसून मोबाइलवर वाचन भरून पाठवत, आणि आठवड्यातून एकदोनदा संस्थेत जाऊन समोरासमोर वाचत. आलेख आला की सुखदेव डावा तळवा पुढे करी. त्या बोटाने आधी दोन अक्ष ओढत, मग मागणीची रेघ वरून खाली, पुरवठ्याची खालून वर. जिथे रेघा भेटत तिथे जरासं दाबत. वर्गातल्या इतर मुलांना फळ्यावर जे दिसे ते त्याला हातावर कळे, आणि बहुधा त्यांच्याआधी कळे.

तो त्यांचं वाचन दुप्पट वेगाने ऐकतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना रागच आला होता. "मी काय चिमणी आहे? एवढं शब्द तोलून-मापून वाचायचं आणि तू त्याचा चिवचिवाट करून ऐकायचा!"

"मावशी, साध्या चालीनं ऐकलं तर दोन वर्षांचं शिकायले चार वर्षं लागतीन. या पोराहिच्या मांगं पडीन मी."

त्याचंही बरोबर होतं. बाकीची मुलं दिल्ली-कोलकात्याची, शिंकसुद्धा इंग्रजीत देणारी. पहिल्या सत्रात सुखदेव कसाबसा पास झाला तेव्हा त्याने बॅग भरायला घेतली होती. त्या दिवशी शर्मिलाताईंनी त्याला कँटीनमध्ये बसवून दोन कप चहा पाजला आणि कान उपटले. नंतर तो सावरला, पुढे पुढे गेला. कँटीनवाला दोघांना एकच बिल द्यायला लागला. मुलं त्यांना 'सुखदेवची मावशी' म्हणत. ज्या फाटकावरून सायकल नुसती सोडून दिली, त्या फाटकातून आता पहारेकरी मान लववून त्यांना आत सोडी. त्या दोन वर्षांत अख्खं एम.ए. त्यांनी तोंडाने वाचलं. यज्ञेश्वरराव म्हणत, "आमच्याकडे एम.ए. झालंय, फक्त कागद हिंगणघाटला गेला."

वाचनाची त्यांची एकच रीत होती: छापलंय तसं. कंटाळवाणा तक्ता असला तरी एक आकडा गाळायचा नाही, छापण्यात चूक असली तरी आपण सुधारायची नाही. परीक्षेतही तेच. एम.ए.च्या शेवटच्या पेपरात सुखदेव एका प्रश्नाचं उत्तर नेमकं उलटं सांगू लागला. दमला होता, दोन सिद्धांतांची गल्लत झाली होती. शर्मिलाताईंना ते कळत होतं. महिनाभर त्यांनीच ते वाचलं होतं. नुसता घसा खाकरला असता तरी पोरगं सावध झालं असतं. पण त्याने सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. त्या एका उत्तरापायी त्याचा पहिला क्रमांक हुकला. नंतर त्यांनीच रडत रडत त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही खोकलल्या असत्या ना मावशी, तर मी पुढं कोणत्याच पानावर तुमच्यावर भरोसा ठेवला नसता."

त्याच संस्थेत त्याला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. विषय, हिंगणघाटच्या कापूसबाजारातले लिलाव. पहिल्याच वर्षी त्याचे वडील गेले. सुखदेव गावी गेला तो परत येईना. फोनवर एवढंच म्हणे, "कोणासाठी शिकू आता?" संस्थेतली जागा जायची वेळ आली. तेव्हा शर्मिलाताईंनी रोज संध्याकाळी त्याला फोन लावून, तो ऐको न ऐको, अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं पुढचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. बऱ्याच दिवसांनी एकदा मध्येच तो म्हणाला, "मागचं वाक्य पुन्हा वाचता का?" आणि मग तो आला. पण दुःखाने हा मुलगा कसा कोसळतो हे त्यांनी तेव्हा पाहून ठेवलं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या पाहण्यात आहे.

प्रबंधाचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हाची गोष्ट. मार्गदर्शक बाईंनी सुखदेवचं एक प्रकरण लाल करून परत पाठवलं होतं. तो त्रासलेला होता, घाईत होता. शर्मिलाताई समोर बसून जुना कापूस अहवाल वाचत होत्या. त्याने त्यांना मध्येच थांबवलं.

"मावशी, राग मानू नका. पण तुमचा आवाज पहिल्यासारखा नाही राहिला. मधूनच फाटतो. दुपटीवर ऐकलं की अक्षरं एकमेकांत घुसतात. एम.ए.ची ती चैताली आहे, ती वाचायले तयार आहे. तिला सांगू का? तुमालेही आराम. वय होतं ना शेवटी."

"सांग की," शर्मिलाताई म्हणाल्या. "मी कोण नाही म्हणणार?"

पुण्यात वाढलेल्या कुणीही हे ऐकून हात जोडले असते आणि विषय बदलला असता. हिंगणघाटच्या मुलाने त्याचा सरळ अर्थ घेतला. त्याला हायसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चैताली वाचायला लागली.

शर्मिलाताईंना ते फार लागलं. दागिन्याला कुणी खोटं म्हणावं तसं. घरी येऊन त्यांनी यज्ञेश्वररावांना काहीच सांगितलं नाही. अर्धा वाचलेला अहवाल तेवढा हट्टाने आपल्याकडे ठेवला आणि आवाजावर इलाज सुरू केले. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. आवाज बरा असेल त्या दिवशीच दोन पानं भरायची. सुखदेवचा फोन आला की दुसऱ्या रिंगला उचलायचा, पण "हो, नाही, बरं" एवढ्यावर उरकायचं. आपला बसलेला आवाज त्याच्या कानात जायला नको. तो समजला, मावशी रागावल्या आहेत. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"एकदा डॉक्टरला दाखवू या," यज्ञेश्वरराव म्हणत.

"कशाला? वय होतं ना शेवटी," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. हे वाक्य त्या अशा काही झटक्यात म्हणत, की यज्ञेश्वररावांना आपलंच काही चुकलं असावं असं वाटे. उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला. सोसायटीच्या गणपतीत आरतीला त्या नेहमीप्रमाणे पुढे उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, आणि घशातून नुसती हवा आली. टाळ वाजत राहिले. यज्ञेश्वररावांनी त्यांचा दंड धरला तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच सोडला.

स्वरयंत्रावर गाठ होती, वाईट जातीची. डॉक्टर सभ्य होते, पण विचारल्यावर खोटं बोलले नाहीत. उन्हाळ्याच्या आधी आला असतात तर किरणांवर भागलं असतं, आवाज राहिला असता. आता जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

रिक्षातून घरी येताना शर्मिलाताईंनी हिशेब मांडला. घरातल्या कुणाच्याही आधी, खुद्द त्यांच्याही आधी, तो आजार सुखदेवला ऐकू आला होता. त्याने तो सांगितलाही होता. त्याचे शब्द चुकले आणि त्यांचा मान आडवा आला. एवढीशी गोष्ट. एवढ्याशा गोष्टीवरून त्या रुसून बसल्या होत्या, आणि आता हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

"सुखदेवला कळवायला हवं," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"अजिबात नाही. डिसेंबरात प्रबंध द्यायचाय त्याला. वडिलांच्या वेळी कसा झाला होता, पाहिलंत ना? प्रबंध हातावेगळा होऊ दे, मग सांगू."

हे कारण खरं होतं. त्याच्या आड दुसरं कारण होतं, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दसऱ्यानंतरची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत बहिणी, भाच्या भेटून गेल्या. प्रत्येकीला वाटे, ताईंनी आपल्याशी चार शब्द बोलावेत. आणि या बाई आतल्या खोलीचं दार लावून कापसाच्या गाठींचे आकडे वाचत बसलेल्या! उरलेला सगळा आवाज त्यांनी त्या अहवालावर घातला. एकेका ओळीला थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, पुन्हा वाचायचं. दाराबाहेर यज्ञेश्वरराव खुर्ची टाकून बसत. त्यांचा संताप संताप होई. एके दिवशी ते दार उघडून म्हणालेच, "अगं, माझ्यासाठीही थोडा ठेव की आवाज."

शेवटचा तक्ता संपला, अहवाल सुखदेवकडे गेला. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी दोघं गॅलरीत बसली होती. खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

"एक मागू?" यज्ञेश्वरराव म्हणाले. "लग्नात उखाण्यात घेतलंस तेवढंच. एकदा नुसतं नाव घे माझं."

"अहो, काहीतरीच काय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, खाली बघत, त्या घोगऱ्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "यज्ञेश्वर." एवढंच. म्हातारा ओक्साबोक्शी रडला, आणि खालच्या मुलांनी खेळ थांबवून वर पाहिलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळालं. शर्मिलाताईंनी ते एकदाच लावून पाहिलं. पिठाच्या गिरणीचा पट्टा बोलतोय असं वाटलं, आणि ते यंत्र कपाटात गेलं. सुखदेवला त्यांनी मोबाइलवर लिहून कळवलं होतं: 'बहिणीकडे बेळगावला आले आहे. राहणार आहे. तू प्रबंध पुरा कर.' त्याच्या फोनने ते आपल्या सपाट आवाजात त्याला वाचून दाखवलं असणार. बोलायची सोडून मावशी यंत्राच्या तोंडून का निरोप पाठवते, हे त्याला उमगेना. त्याने फोन केला.

शर्मिलाताई खाटेवर पडल्या होत्या. फोन उशाशी होता. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला, आणि त्यांच्या हाताने तो उचलला. उचलायचा नव्हता, पण तो हात तेवढंच शिकला होता. यज्ञेश्वरराव औषधं आणायला बाहेर गेले होते.

"हॅलो? मावशी?"

त्यांनी फोन कानाला लावला.

"मावशी, अहवाल पूर्ण ऐकला मी. साध्या चालीनं ऐकला. फार त्रास झाला ना तुमाले वाचतानी?... हॅलो? ऐकू येते ना? मले तुमचा श्वास ऐकू येऊन राहिला. तुम्ही आहा तिथं."

गळ्यातल्या भोकातून श्वास शिट्टीसारखा येत होता. तो थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रडायलासुद्धा आवाज नव्हता.

"वयाचं बोललो त्याचा राग आहे न? चुकलं माझं. मावशी, काऊन बोलत नाही तुम्ही? एक शब्द तरी बोला." तो बराच वेळ थांबला. आंधळ्या माणसाशी बोलायचं नाही म्हणजे त्याच्यासमोर दार लावून घेणंच. "बरं," तो शेवटी म्हणाला. "नका बोलू." आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. यज्ञेश्वररावांनी कितीदा तरी म्हटलं, मी सांगतो त्याला. शर्मिलाताई जोरजोरात मान हलवत. प्रबंध दिला गेला. आता सांगू म्हणता म्हणता किरणोपचार सुरू झाले, त्यात त्या खंगल्या. मग ठरलं, तोंडी परीक्षा होऊ दे. परीक्षक यायला बरेच महिने गेले. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते उघडायला जड जातं. शेवटी संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख लागली, आणि शर्मिलाताईंनी गळ्याभोवती रेशमी रुमाल बांधला.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही जाऊन बसावं. दोघं शेवटच्या रांगेत बसली. पुढे सुखदेवची आई पांढऱ्या साडीत, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन बसली होती. सुखदेव उभा राहिला. नवा शर्ट, जरा बारीक झालेला. तो इंग्रजीत बोलत होता, न अडखळता, आकड्यांमागून आकडे. बाहेरगावचे परीक्षक वाकून म्हणाले, जुन्या अहवालातले हे तक्ते तुम्ही स्वतः पाहिलेले नाहीत. ते बरोबर आहेत याची खात्री काय?

"ज्यांनी मला ते वाचून दाखवले, त्यांनी आजवर एक आकडा गाळला नाही की बदलला नाही," सुखदेव म्हणाला. "माझी चूकसुद्धा त्यांनी जशीच्या तशी लिहिली होती. माझी खात्री तीच." मग एवढंच, "त्या आज इथे नाहीत."

शर्मिलाताई शेवटच्या रांगेत ताठ बसल्या होत्या. यज्ञेश्वरराव उठायला लागले, तर त्यांनी त्यांची बाही घट्ट ओढून धरली.

परीक्षकांनी 'डॉक्टर थूल' म्हणून हात मिळवला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. गर्दी पांगत आल्यावर शर्मिलाताई पुढे गेल्या. सुखदेवचा डावा हात हातात घेतला, तळवा उघडला, दोन अक्ष ओढले. मग एक रेघ वरून खाली, एक खालून वर. भेटल्या तिथे जरासं दाबलं.

त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग कडवट झाला. "मावशी," तो म्हणाला. "आता तरी बोला न. झालं सगळं."

शर्मिलाताईंनी यज्ञेश्वररावांकडे पाहिलं.

"तिचा आवाज काढावा लागला, सुखदेव," ते म्हणाले. "घशात गाठ होती. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. तू फोन केलास तेव्हा ती दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. रागावली नव्हती रे. बोलताच येत नव्हतं तिला."

सुखदेवने त्यांचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने चाचपत तो रुमालापर्यंत आला, बोटं तिथे थांबली. त्याची आई पेढा हातात धरून तशीच उभी राहिली.

"आणि सुरुवात?" त्याने हळूच विचारलं. "सुरुवात कधी झाली होती, काका?"

यज्ञेश्वररावांना हा प्रश्न कळला नाही. ते गणपतीतल्या आरतीचं सांगू लागले. शर्मिलाताईंना कळला. त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि त्याच्या आईच्या हातातला पेढा घेऊन त्याच्या तोंडात घातला.

आता सुखदेव वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवतो. मावशीच्या आवाजातले सगळे अहवाल त्याने यज्ञेश्वररावांच्या फोनमध्ये भरून दिले आहेत. दुपारी जेवण झालं की ते डोळे मिटून कापसाच्या गाठींचे आकडे ऐकत पडतात आणि शर्मिलाताई शेजारी बसून शेंगा सोलतात. संध्याकाळी सुखदेवचा फोन येतो. नियम त्यानेच घालून दिला: फोनवर बोटाने एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. लांबलचक काही असेल तर लिहून पाठवायचं. पण त्याला बोटच आवडतं. तो वर्गातल्या गमती सांगतो, कोण झोपलं, कुणी कॉपी केली, आणि इकडून टक, टकटक चालू असतं.

परवा त्याचा फोन आला तो जरा वेगळ्या सुरात. शर्मिलाताईंनी दुसऱ्या रिंगला उचलला.

"मावशी, एक विचारतो. लिहून पाठवू नका, लिहितानी माणूस शब्द निवडते. आत्ताच सांगा. मी तवा चांगल्या शब्दांत सांगितलं असतं, वयाचं काढलं नसतं, तर तुम्ही तवाच डॉक्टरकडे गेल्या असत्या का?"

गॅलरीत संध्याकाळचं ऊन होतं. शर्मिलाताईंना परीक्षेचा तो हॉल आठवला, पेन धरलेला आपला हात आठवला. छापलंय तसं वाचायचं. खरं उत्तर एका टिचकीचं होतं.

त्यांनी फोनवर बोट टेकवलं. एकदा वाजवलं. आणि ती एकच टिचकी पलीकडे पोचेल या भीतीने घाईघाईने पुन्हा एकदा वाजवलं.

मधे जरा अंतर पडलंच. एवढंसं अंतर त्या मुलाला ऐकू येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"नाही?" सुखदेवने विचारलं.

टकटक. या वेळी नीट, एकापाठोपाठ एक.

"बरं," तो म्हणाला. मग बराच वेळ दोघंही फोन कानाला लावून बसली. त्याला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांना त्याचा.